डी-सात

त्रेबोनमध्ये नोव्हेंबरात सूर्य उगवतो म्हणजे
राखाडी पडद्यामागे कुणीतरी काडी ओढतं
आणि विझवतं.
आमच्या खोलीत मात्र कपाटाएवढी दुपार,
दिवसरात्र थरथरणारी, तीस अंशांची, बिनढगांची.
वीजबिल संस्थेच्या नावावर.

तिच्या आत शहाण्णव वाट्यांची ताटली.
वाटीत मुंगीच्या आंघोळीपुरतं पाणी
आणि पाण्यात ते,
उजेडावर जगणारे,
कोट्यवधी वर्षांत कुणाची चाकरी न केलेले.
आम्ही त्यांच्या पोटात एक ओळ घुसडली आहे:
साखर कर. बाहेर टाक. खाऊ नकोस.

शहाण्णवांतले नव्वद ऐकतच नाहीत.
चारपाच ऐकल्याचं सोंग करतात.
उरला एखादा.

मी बोहदाना. एकोणतीस वर्षं निवडतेय.
आधी दात कोरायच्या काडीने,
एकेक हिरवा ठिपका, श्वास रोखून.
आता यंत्राला आठ बोटं आहेत,
पण कालचा कोणता ठिपका कडेला कुरतडलेला होता
ते यंत्राला आज आठवत नाही.

माझा भाऊ ओल्द्रिख तळ्यावर असतो.
पाणी सोडून देतात, चिखल उघडा पडतो,
लाकडी टेबलावर मासे ओततात.
भरलेला तो टाकीत,
बारका पुन्हा पाण्यात, पुढच्या सालासाठी.
रविवारी सूप भुरकत म्हणाला,
सोपं असतं गं,
ज्याने खाल्लं त्याच्या अंगी लागलेलं दिसतं.

माझ्याकडे उलटं.
ज्याच्या अंगी लागतं त्याच्यावरच माझा डोळा.
गर्द, तजेलदार, काठोकाठ वाटी म्हणजे
आत कुणीतरी ती ओळ खोडली
आणि मिळवलेलं सगळं स्वतः गिळलं.
मला हवा तो फिका,
रांगेत मागे रेंगाळणारा,
पोटाला चिमटा काढून देणारा.
(आई मासा वाढायची तेव्हा
शेपूट तिच्या ताटात.
तिला शेपूट आवडतं, असं आम्ही
तिच्या साठीपर्यंत समजत होतो.)

नवा मुलगा, राडोवान, हुशार आहे.
त्याने यंत्राला शिकवलं:
या रेषेखाली वाढ, तर मेलेला समज.
डी-सात रेषेखाली होता.
पिवळट, जुन्या काचेसारखा.
मी यादीत नसताना त्याचा थेंब घेतला,
तपासणीच्या द्रावात सोडला.
गुलाबी.
इतकं गुलाबी की राडोवानने कप खाली ठेवला
आणि कॉफी थंड होऊ दिली.

मग महिनाभर डी-सात, डी-सात.
मोठ्या बाटलीत डी-सात,
प्राग्वरून आलेल्या पाहुण्यांसमोर डी-सात,
त्याच्या साखरेवर कुठलंसं प्लॅस्टिक, कुठलंसं इंधन,
कागदावर.

पाचव्या आठवड्यात त्याला रंग चढला.
आजारी माणूस उठून बसावा, तसा.
पाहुणे म्हणाले, वा, किती हिरवा!
मी काही बोलले नाही.
संध्याकाळी थेंब घेतला.
द्राव पाण्यासारखा राहिला,
दहा मिनिटं, वीस मिनिटं.

आम्हाला कळलंसुद्धा नाही कुठल्या रात्री,
त्या अब्जावधींतल्या कुठल्या एकाने
पहिल्यांदा ओळ गाळून वाचली.
एकच पुरे. तो जरा लवकर वाढला, इतकंच.
बाकीचे देत राहिले, आणि कमी कमी झाले.

राडोवान म्हणाला, उणे ऐंशीत जुना आहे,
तो जागा करू.
करू, म्हटलं.
पण ही बाटली बाहेर जिवंत जाऊ द्यायची नाही,
नियम आहे, आणि बरोबर आहे.
खिडकीपलीकडे रिकामं तळं,
चिखलात बगळ्याची पावलं.
जुलैत हेच तळं
कुणी न सांगता हिरवं होतं, आणि लोक तक्रार करतात.

वाफेच्या भांड्यात बाटली उतरवली.
झाकण फिरवताना हळूच म्हटलं,
बरं केलंस.
कुणाशी बोलतेस, राडोवानने मागून विचारलं.
हिशेब करतेय रे.
शहाण्णव गुणिले बारा.